गहाणखताची आठवण
(डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांच्या जयंतीनिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



२७ डिसेंबर हा भाऊसाहेबांचा जन्मदिवस. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने विलायतेत शिकावे म्हणून वडील शामरावांनी आपली मालमत्ता गहाण टाकली. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथील विद्या आणि बॅरिस्टरची सनद घेऊन ते परतले ते वऱ्हाडातच.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षणाचा प्रसार करणे, ही त्या पदावरील त्यांची ठळक कामे. १९३० मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळावर निवडून येऊन मंत्री झाले. १९३३ च्या कर्जलवाद कायद्यामागे त्यांचाच पुढाकार होता. सावकाराच्या पाशात अडकलेल्या शेतकऱ्यास तडजोडीने कर्ज फेडता यावे, हा त्या कायद्याचा हेतू. घरचे गहाणखत ते विसरले नव्हते, असेच आम्हांस वाटते.

१९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले. १९५२, १९५७ व १९६२ या तिन्ही निवडणुकांत अमरावती भागाने त्यांना लोकसभेवर पाठविले. केंद्रात त्यांनी कृषी खाते सांभाळले. १० एप्रिल १९६५ रोजी ते निवर्तले. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि अमरावतीचे १९८४ सालचे वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करून उभे आहे.

हे सारे रुग्णालयाच्या अहवालात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या बिलाच्या खिडकीशी आहे. "साहेब, वावर गहाण टाकतो, पन मानूस वाचवा," हे शब्द आम्ही तेथे वारंवार ऐकतो. शिक्षणासाठी गहाण पडलेल्या जमिनीतून एक पिढी उभी राहिली; आजारासाठी गहाण पडलेले वावर मात्र बहुधा घराला मागे खेचते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखल्या जातात. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हा कायद्याने ठरविलेला किमान वाटा आहे. शस्त्रक्रिया मोठी असली की तो अपुरा पडतो, आणि तेथूनच देणगीदारांचे काम सुरू होते.

नातेवाइकांना आमची विनंती आहे की, गहाणखतावर अंगठा उमटविण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवकांना अवश्य भेटावे. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा. सवलत मागण्यात कसलाही कमीपणा नाही. तो आपला हक्क आहे. देणगीदारांनी या निधीत यथाशक्ती भर घालावी. एक वावर जरी सुटले, तरी भाऊसाहेबांची जयंती आपण खऱ्या अर्थाने साजरी केली, असे आम्ही समजू.