आधी निदान, मग उपचार : नगररचनेतील संशोधन आणि इंदूरचा धडा



नगररचना म्हटली की रुंद रस्ते, चौकातील कारंजी आणि कचेरीच्या भिंतीवरील रंगीत नकाशा, एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. वास्तविक नकाशा हा नगररचनेचा आरंभ नसून शेवट होय. त्यापूर्वी शास्त्रीय पाहणी व्हावी लागते. ती न होता रेषा ओढल्या गेल्या, तर त्या रेषेखाली कोणाचे घर, कोणाची विहीर वा कोणाची उपजीविका आली, याचा हिशेब कोणापाशीही राहत नाही. याचे बोधप्रद उदाहरण होळकरांच्या इंदूर नगरीत घडले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि पुढे अनेक वर्षे तिने शहरामागून शहर ग्रासले. पुण्यात १८९७ मध्ये झालेल्या सक्तीच्या घरझडत्यांमुळे लोकांना रोगाइतकीच सरकारी उपायांचीही धास्ती वाटू लागली. मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना होऊन दाट वस्त्या पाडण्यास व नवे रस्ते काढण्यास प्रारंभ झाला. लोकांना उजेड आणि मोकळी हवा मिळावी, हा हेतू चांगलाच होता. तथापि घर पाडल्याने माणूस नाहीसा होत नाही. तो शेजारच्या गल्लीत आसरा शोधतो आणि तेथील दाटी वाढते.

त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराची येथे केलेल्या प्रयोगावरून, उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, असे दाखवून दिले. हा निष्कर्ष सर्वमान्य होण्यास काही काळ जावा लागला. पण तो मान्य होताच प्रश्नाचे स्वरूपच पालटले. रस्ता किती रुंद असावा, यापेक्षा उंदीर कोठे राहतो आणि त्याला अन्न कोठून मिळते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरले.

अशा काळात, १९१४ मध्ये, पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात आले. पुढे १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. शहर हा एक सजीव देह आहे आणि वैद्याप्रमाणे नगररचनाकारानेही आधी निदान करावे, मगच औषध द्यावे, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. बडोद्यासह अनेक शहरांची त्यांनी पाहणी केली. इंदूर दरबारासाठी लिहिलेला त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

गेडिस यांची कार्यपद्धती साधी होती. ते गल्लीबोळांतून पायी हिंडत आणि कोणते घर दुरुस्त होण्याजोगे आहे, कोठे विहीर, वृक्ष वा देऊळ आहे, पाणी कोठे तुंबते, हे पाहत. संपूर्ण गल्ली पाडण्याऐवजी एखादे मोडकळीस आलेले घर काढून तेथे छोटे मोकळे आवार करावे, झाड लावावे आणि बाकीची वस्ती राखावी, असा त्यांचा सल्ला असे. जपून केलेल्या या शस्त्रक्रियेत खर्चही कमी होता आणि बेघर होणारी कुटुंबेही थोडी होती.

परंतु लोकांचा विश्वास मिळविणे सोपे नव्हते. गेडिस यांनी स्वतः पुढे सांगितलेल्या हकीकतीनुसार, हाच प्लेग आणणारा म्हातारा साहेब, असे म्हणून इंदुरातील लोक त्यांच्याकडे बोट दाखवीत. तेव्हा त्यांनी दरबाराकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दवंडी पिटविली की, दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ असतील त्या रस्त्यांनी जाईल. मग घरोघर सफाई सुरू झाली. मिरवणुकीत हत्तीघोडे होते, लक्ष्मी होती, प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. आणि स्वच्छ पोशाखातील सफाई कामगारही त्याच मानाने चालत होते. अखेरीस त्या उंदराचे दहन झाले. घरझडतीच्या धाकाने जे साधले नव्हते, ते लोकांच्याच सणाने साधले.

इंदूरने संशोधनाचे आणखी एक फळ जगास दिले. तेथील वनस्पती संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, पऱ्हाट्या, शेण व राख यांचे थर रचून, ओलावा राखून व ढीग वेळोवेळी परतून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत सिद्ध केली. १९३१ मध्ये ग्रंथरूपाने आलेली ही ‘इंदूर पद्धत’ १९३४ मध्ये जॅक्सन व वाड यांनी वस्तीतील कचरा व मैला यांनाही लावून दाखविली. शहराची घाण शेताचे अन्न होऊ शकते, हे यावरून सिद्ध झाले.

आज या धड्याचे महत्त्व खेड्यांनाही आहे, कारण शहरालगतची खेडी झपाट्याने शहरे होत आहेत. महाराष्ट्राचा १९६६ चा, मध्य प्रदेशाचा १९७३ चा आणि गोव्याचा १९७४ चा नगररचनाविषयक कायदा, आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागविण्याची तरतूद करतो. पण ज्या गावापाशी स्वतःची नोंद नाही, त्याची हरकत केवळ तक्रार ठरते. ज्यापाशी नोंद आहे, त्याची हरकत पुरावा ठरते.

यास्तव शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावाचा नकाशा करून घ्यावा. त्यात विहिरी, ओढे, गायरान, जुने वृक्ष आणि पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागा दाखवाव्यात व प्रत्येक नोंदीखाली तारीख घालावी. ग्रामस्थांनी तो दरवर्षी तपासावा. अधिकाऱ्यांनी आराखड्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तो हाती घेऊन एकदा गावातून पायी फिरावे. या कामास मोठ्या निधीची गरज नाही. वही, पेन्सिल आणि चिकाटी पुरेशी आहे. एवढे घडले, तर पुढील आराखड्यातील रेषा कोणाच्या विहिरीवरून नकळत जाणार नाही.