मोहाचे झाड आणि ग्रामसभा

(कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



शहापूर-मुरबाडच्या रानात फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. त्याची फुले रात्री उमलतात. त्यांच्या गोडीने वटवाघळे येतात आणि त्यांच्या अंगाला लागलेले पराग झाडोझाडी पोचतात. पहाटे गळालेली फुले भेकरे खातात, ठाकूर-कातकरी स्त्रिया वेचतात. पुढे फळे घेऊन उडालेली वटवाघळे दूरवर बिया टाकतात. गळलेला पाला वाळवी कुजविते, माती भुसभुशीत होते, पाऊस तीत मुरतो. याच रानांतले पाणी १८९२ पासून तानसा धरणातून मुंबईला जाते. शहापूर तालुक्यातले कित्येक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

या देवघेवीत माणूस परका नाही. त्याचा हात राखणारा की मोडणारा, एवढाच प्रश्न आहे. ठेकेदाराच्या कुऱ्हाडीविषयी आपण पुष्कळ बोललो. परंतु फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखाली लावलेली आग मोहाची रोपेही जाळते, हे सांगण्याचे धैर्य आपणांपाशी हवे. म्हातारी झाडे आज फुलत आहेत. त्यांची जागा उद्या कोण घेणार?

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. दावा मंजूर झाला म्हणजे काम संपले, असे मानू नका. मोह फुलण्यापूर्वीच ग्रामसभा बोलवा. पाला न जाळता झाडून बाजूला करण्याचा ठराव करा. रोपांना काटेरी कुंपण घाला. हक्काबरोबर राखणही आपलीच, हे पाड्यापाड्यांत पटवून देणे हेच आपले काम आहे.