आहाराचा सल्ला कोणाचा घ्यावा?



कोलशेत परिसरातील तरुण व्यायामशाळेत घाम गाळतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु व्यायाम शिकविणाराच आहाराचा तक्ता आणि प्रोटीनचा डबा हाती देऊ लागला, तर विचार करावा लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. डाळभात, उसळ, दूध, अंडी, मासळी यांतून ती मिळू शकतात. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असे याच संस्थेने २०२४ साली सांगितले. दीर्घकाळ अतिरेक केल्यास मूत्रपिंडास धोका संभवतो.

"तळलेले कमी खा, उसळ खा" हे प्रशिक्षकाने जरूर सांगावे. पण मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याचा आहार ठरविणे हे आहारशास्त्र शिकलेल्याचेच काम. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञास आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे.

म्हणून भिंतीवरचे प्रमाणपत्र किती दिवसांच्या शिक्षणाचे, हे विचारा. विचारण्यात कोणाचा अपमान नाही. बँकेत सही पडताळल्याखेरीज आम्ही धनादेश वटवीत नाही. मग शरीर न विचारता कोणाच्या हवाली का करावे?