यानावाचून विज्ञानपट

विज्ञानकथेवरचा चित्रपट म्हटला की डोळ्यांपुढं काय उभं राहतं? आभाळात झेपावणारी यानं, यंत्रमानव, परग्रहावरचे चमत्कारिक जीव. यांतलं काहीही ज्यात नाही, अशा एका विज्ञानपटाविषयी आज बोलणार आहे. आंद्रेई तारकोव्हस्की या रशियन दिग्दर्शकाचा, १९७९ सालचा 'स्टॉकर'. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीवरून तो घेतला आहे.

एका प्रदेशात काही आक्रीत घडलं. सरकारनं तिथं जायला बंदी केली. आत एक खोली आहे. तिथं जाईल त्याच्या मनीची इच्छा पुरी होते म्हणे! एक वाटाड्या चोरवाटेनं दोघांना तिकडं नेतो. एक लेखक, दुसरा प्राध्यापक. (आमचा हा व्यवसायबंधू पिशवीत बाँब घेऊन निघालेला असतो, हेही सांगून टाकतो!)

वाट शोधायची रीत पाहा. लोखंडी नटाला चिंधी बांधायची, पुढं भिरकवायची, आणि ती पडेल तिथवरच जायचं. धोका पदोपदी आहे म्हणतात; दिसत मात्र कधीच नाही. दिसतं ते ओलं गवत, साचलेलं पाणी, पडक्या भिंती. एस्टोनियातल्या एका ओसाड वीजकेंद्राच्या आसपास हे चित्रण झालं. रुळांवरच्या लहानशा गाडीतून तिघं जातात, तेव्हा कॅमेरा नुसता त्यांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो. चाकांची खडखड हळूहळू पालटत जाते, निराळ्याच नादात मिसळते, आणि मग मळकट तपकिरी चित्र एकाएकी हिरवं होतं. आपण परक्या मुलखात आलो हे आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. रेडिओ ऐकणाऱ्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

चित्रपट संथ आहे, अडीच तासांहून लांब आहे. पहिल्या अर्ध्या तासात कंटाळाही येईल. पण या संथपणामुळंच आपल्याला विचार करायला सवड मिळते. अन् विचार करण्याजोगं पुष्कळ आहे. वाटाड्याच्या गुरूची हकीकत घ्या. त्याच्यापायी त्याचा भाऊ मेला. भाऊ परत मागायला तो खोलीत गेला, आणि घरी आला तेव्हा मिळालं होतं धन! आठवड्याभरात त्यानं गळफास लावून घेतला. ती खोली तोंडचं मागणं ऐकत नाही, पोटातलं ओळखते.

हे कळल्यावर तिघं उंबऱ्याशी बसून राहतात. खोलीत पाऊस पडतो, थांबतो. आत कोणी जात नाही.

शिक्षकांना वरच्या वर्गांतल्या मुलांना हा दाखवायचा झाला, तर तो मुळातच दोन भागांत आहे. दोन दिवस घ्यावेत, घाई करू नये.