नव्या फुप्फुसाची राखण



दात्याचं फुप्फुस घेऊन रुग्णवाहिका निघते, पोलीस रस्ता मोकळा करून देतात आणि दुसऱ्या दिवशी ग्रीन कॉरिडॉरची बातमी येते. ती वाचून मलाही भरून येतं. पण त्या रुग्णाची खरी कसोटी बातमी शिळी झाल्यावर सुरू होते. त्याचं शरीर ते फुप्फुस परकं ठरवून नष्ट करायला निघतं. डॉक्टर याला रिजेक्शन म्हणतात. ते रोखायचं कसं, यावर आज बोलायचं आहे.

माणसावरचं पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन इथं डॉ. जेम्स हार्डी यांनी केलं. रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभर सुमारे चाळीस प्रयत्न झाले, पण टिकाऊ यश कुठेच आलं नाही. अडचण दुहेरी होती. नवं फुप्फुस बसवताना मोठ्या रक्तवाहिन्या जोडतात, श्वासनलिकेची फांदी जोडतात. पण त्या फांदीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या सहसा जोडल्या जात नाहीत. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे तो सांधा अपुऱ्या रक्तावर भरून यावा लागतो. त्यातच रिजेक्शन थांबवण्यासाठी स्टेरॉइडचे मोठे डोस दिले जात, आणि स्टेरॉइडमुळे जखम भरत नाही. शरीराला आवरावं तर सांधा सुटे, सांधा जपावा तर शरीर फुप्फुस नाकारे.

टोरांटोच्या डॉ. जोएल कूपर यांच्या चमूनं हा पेच कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून उलगडला. पोटातला चरबीचा रक्ताळ पडदा वर ओढून त्यांनी सांध्याभोवती गुंडाळला, म्हणजे तिथे रक्त पोहोचू लागलं. त्याच सुमारास सायक्लोस्पोरिन हाती आलं होतं. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून मिळालेलं हे औषध. त्याच्या भरवशावर पहिले काही आठवडे स्टेरॉइड टाळता आलं. १९८३ साली टोरांटोत फुप्फुस मिळालेला रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर काम ते हेच.

तरीही मूत्रपिंडाच्या मानानं फुप्फुस टिकवणं आजही अवघड आहे. मूत्रपिंड शरीरात झाकलेलं असतं. फुप्फुस बाहेरच्या हवेला उघडं. दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा त्यातून जाते, धूळ, धूर आणि विषाणूंसकट. म्हणून फुप्फुसात संरक्षक पेशींचा कायमचा पहारा असतो, आणि साध्या फ्लूनंसुद्धा तो पहारा चवताळून उठतो. सुरुवातीचं तीव्र रिजेक्शन दुर्बिणीतून तुकडा काढून ओळखता येतं, आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी बहुधा आटोक्यात येतं. भीती आहे ती सावकाश येणाऱ्या रिजेक्शनची. त्यात बारीक श्वासनलिकांमध्ये वण धरत जातात आणि गेलेला श्वास सहसा परत मिळत नाही. पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना ते गाठतं.

इथे एक दिलासा देणारी गोष्ट सांगतो. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या केंद्रांनी मिळून दोन औषधांची तुलना केली. एका गटाला दिवसातून दोनदा सायक्लोस्पोरिन, दुसऱ्या गटाला दिवसातून एकदाच टॅक्रोलिमस. हे दुसरं औषध जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून आलेलं. तीन वर्षांनंतर पहिल्या गटात ३९ टक्के रुग्णांना ते सावकाश येणारं रिजेक्शन झालं होतं, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांना. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले.

पण टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी एका अरुंद पट्ट्यात राहावी लागते. कमी पडली तर रिजेक्शन, जास्त झाली तर हात थरथरतात, मूत्रपिंड बिघडतं. म्हणून तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यायचं आणि मगच सकाळची गोळी घ्यायची. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन ही पातळी झपाट्यानं खाली आणतं. आपल्याकडे क्षयरोग इतका आढळतो की हे विसरून चालणारच नाही. उलट बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलसारख्या गोळ्या ती वाढवतात. पपनससुद्धा वाढवतं, म्हणून ते ताटात नको. आणि प्रेमानं दिला जाणारा गुळवेलीचा काढाही नको. तो प्रतिकारशक्ती जागवायला म्हणून घेतात, आणि या रुग्णाची प्रतिकारशक्ती तर मुद्दाम दाबून ठेवलेली असते. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, तर पहिली गोळी घेण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला विचारावं.

पैशांचंही बोललं पाहिजे. शस्त्रक्रियेसाठी गाव वर्गणी काढतं, संस्था धावून येतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या गोळ्यांसाठी मात्र ते कुटुंब एकटं पडतं. मग कुणी गोळ्या पुरवून पुरवून घेतं, एखादा दिवस सोडून देतं. शस्त्रक्रियेला मदत करणाऱ्यांनी पुढच्या वर्षांच्या गोळ्यांची तरतूद त्याच वेळी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घरातल्यांना शेवटी एक काम सांगतो. रुग्णाला घरी फुंकण्याचं छोटं यंत्र दिलेलं असतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते त्यावर दिसतं. रोज ठरलेल्या वेळी फुंकून आकडा वहीत लिहायचा. दम लागायच्या कितीतरी आधी हा आकडा घसरू लागतो. तो नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी खाली आला, तर रुग्ण ठणठणीत दिसत असला तरी त्याच दिवशी केंद्राला फोन करा. रविवार असो, की घरात लग्न असो.