खिशातला की गळ्यातला?
रिकोचा जीआर थ्री आणि कॅननचा ईओएस आर फिफ्टी, दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, 24 मेगापिक्सेलचा. फरक लेन्सचा. जीआरची लेन्स कायमची बसवलेली, एफ 2.8. झूम नाहीच, जवळून फोटो हवा तर आपणच चार पावलं पुढे जायचं! वजन 257 ग्रॅम, खिशात सहज मावतो. आर फिफ्टीसोबतची 18-45 लेन्स जास्तीत जास्त एफ 4.5 पर्यंतच उघडते. जीआर तिच्या जवळजवळ अडीचपट उजेड आत घेतो. दिवेलागणीनंतर गल्लीत हा फरक लगेच जाणवतो. पण पक्षी टिपायचे तर आर फिफ्टीला लांब पल्ल्याची लेन्स लावता येते, डोळा लावायला व्ह्यूफाइंडरही आहे. रस्त्यावर भटकणाऱ्याने खुशाल जीआर घ्यावा. बारशापासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळंच टिपायचं, तर आर फिफ्टी. पुढच्या लेन्सचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवा.