दुसरी बाजू
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. एस.एस.सी. १९७४ची तुकडी)



संयोजकांनी मला ‘मुंबईने मला काय दिले’ यावर बोलायला सांगितले आहे. मुंबईने मला नोकरी दिली, दम्याचा त्रास दिला आणि एका संस्थेच्या चार-आठ आण्यांच्या पुस्तिका दिल्या. मी त्या पुस्तिकांबद्दल बोलणार आहे. पण त्याआधी मला आपल्या शाळेतल्या एका बक्षिसाचा हिशेब द्यायचा आहे.

१९७३ साल आठवा. आदल्या वर्षी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय होता, ‘एकाधिकार योजना : शेतकऱ्याला वरदान’. प्रश्नचिन्ह नव्हते. भाषण आपल्या नागरिकशास्त्राच्या सरांनी लिहून दिले, मी पाठ केले आणि स्टीलचा डबा जिंकला.

त्याच आठवड्यात आपल्या वर्गातल्या एकाच्या वडिलांची कापसाची गाडी नाक्यावर पकडली. रातोरात पांढुर्ण्याच्या बाजाराकडे निघाली होती. पलीकडे रोख पैसे मिळत. इकडे चुकारा हप्त्याहप्त्याने यायचा आणि घरात बहिणीचे लग्न ठरलेले. तो मित्र त्यानंतर शाळेत आला नाही. त्याचे नाव घेत नाही, तो समोर दुसऱ्या रांगेत बसला आहे.

सर चुकीचे सांगत होते असे मी आजही म्हणणार नाही. व्यापारी काट्यात मारत, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत, शेतकऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे की आपला कापूस कितीला गेला. सरांनी ते लहानपणी घरात पाहिले होते. पण मी व्यासपीठावर उभा असताना दुसरी बाजू कुणी मांडली नाही. ती असू शकते हेही मला ठाऊक नव्हते.

ती मला भेटली मुंबईत. विमा कचेरीत कारकून होतो. फोर्टात एका सहकाऱ्याने ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ची इंग्रजी पुस्तिका हातात ठेवली. आज अशा संस्थांना थिंक टँक म्हणतात, तेव्हा तो शब्द आपल्याकडे कुणी वापरत नसे. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली मुंबईत ही संस्था काढली. ती निवडणूक लढवत नसे. व्याख्याने ठेवायची, पुस्तिका छापायच्या आणि सरकारने काय करावे याइतकेच सरकारने काय करू नये हेही लोकांसमोर मांडायचे, एवढेच काम. दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली ते हे वर्ष. परवाने, नियंत्रणे, सार्वजनिक उद्योग यांचा जोर होता आणि उलट बोलणारा भांडवलदारांचा हस्तक ठरे.

मला गंमत वाटली ती श्रॉफ यांचीच. १९४४ साली टाटा, बिर्ला आदी उद्योगपतींनी जी ‘बॉम्बे प्लॅन’ मांडली, तिच्यावर सही करणाऱ्या आठ जणांत ते होते, आणि त्या योजनेने सरकारच्या हाती बरेच काही सोपवायला मान्यता दिली होती. बारा वर्षांनी त्याच माणसाने सरकारला आवर घालण्यासाठी संस्था काढली. माणूस आपले मत तपासू शकतो, हा धडा मला कुठल्याच पाठात मिळाला नव्हता.

मग नानी पालखीवाला. अर्थसंकल्पावरची त्यांची वार्षिक व्याख्याने १९५८ साली ग्रीन्स हॉटेलच्या छोट्या सभागृहात सुरू झाली आणि वाढत वाढत ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत गेली. तिथे गवतावर बसून मी ती ऐकली आहेत. हातात कागद नाही आणि आकड्यांमागून आकडे! लहानपणी हा माणूस बोलताना अडखळत असे, हे सांगून खरे वाटणार नाही. १९७३-७४ साली प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. म्हणजे वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याचे. ते विचारत, अशाने माणूस अधिक कमावेल की अधिक लपवेल? पुढे दर उतरत गेले; १९९७ साली वरचा दर ३० टक्क्यांवर आला. हे एका संस्थेमुळे झाले असे मी म्हणणार नाही. कायदा संसद करते. पण संसदेला एक दिवस ते पटावे म्हणून कुणीतरी चाळीस वर्षे तेच गणित फळ्यावर मांडत राहावे लागते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र प्राप्तिकर नव्हता, नाक्यावर अडवलेली गाडी होती. आपल्या मालाचा भाव आपण ठरवायचा की दुसऱ्याने, हाच तो प्रश्न. पण तिथे बसलेले लोक माझ्यासारखे, टाय लावलेले, इंग्रजी कळणारे. कापूस पिकवणारा त्या गवतावर नव्हता. तोच विचार मराठीतून बांधावर नेला शरद जोशींनी, १९७९ साली शेतकरी संघटना काढून. तेव्हा कुठे आपल्या गावात कारकुनाआधी शेतकरी बोलू लागला.

एका दिवाळीत मी फोरमच्या पुस्तिकांचा गठ्ठा सरांकडे घेऊन गेलो. खरे सांगतो, जिंकायला गेलो होतो. सरांनी चहा पाजला, गठ्ठा ठेवून घेतला. भाऊबीजेला परत दिला. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. दोन-तीन ठिकाणी चक्क ‘बरोबर’ असे लिहिलेले. आणि शेवटच्या पानावर एक ओळ : ‘ज्याच्याकडे विकायला काहीच नाही, त्याचे काय?’

सर आज आपल्यात नाहीत. ती पुस्तिका माझ्याकडे आहे. त्या प्रश्नाला मी मनात पुष्कळ उत्तरे दिली. रोजगार वाढला की मजुरी वाढते, नियंत्रणे उठली की हातगाडीवाल्यालाही वाव मिळतो. ती उत्तरे खोटी नाहीत, पण सरांचा प्रश्न त्यांनी पुरता मिटतही नाही. स्वातंत्र्यावर माझा विश्वास आहे, आणि तो प्रश्न समोर ठेवूनच तो आहे.

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी मी त्या मित्राला पन्नास वर्षांनी सांगितले, की तो डबा मला घ्यायला नको होता. तो हसला. म्हणाला, “तू काई खोटं नाई बोलला गा. व्यापारी चोरच होते. फक्त गाडी आमच्या बुढ्याची गेली.”

मंडळी, पन्नास वर्षांच्या माझ्या वाचनात याहून नेमके वाक्य मला सापडले नाही. धोरण कागदावर चांगलेच असते. गाडी कुणाची गेली, हे विचारणारा कुणीतरी लागतो.

म्हणून एक विनंती. आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेत दरवर्षी एक वादविवाद स्पर्धा ठेवू या. अट एकच : प्रत्येक मुलाने आधी एका बाजूने बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी उलट बाजूने. दोन्ही जमेल त्यालाच बक्षीस. पहिले बक्षीस माझ्याकडून, स्टीलचा डबा. तो द्यायला मात्र दुसऱ्या रांगेतल्या आपल्या मित्राने यावे.